‘एचिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : व्हेनिसचा चित्रकार जोव्हान्नी दोमेनिको तिएपोलो याच्या १७५३ सालच्या ‘मिसर देशाकडे (इजिप्तकडे) पलायन’ या चित्रमालिकेवर लिहिताना मी ‘कोरीव चित्रे’ असे शब्द योजले आहेत. ती चित्रे एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा उमटवून छापण्याच्या तंत्राची, आहेत; त्यासाठी हे शब्द चालतील का? ‘अम्लरेखन’ फार पुस्तकी वाटते.

उत्तर : ‘कोरीव’ टाळावे. कोरताना हत्यार धातूत शिरते व धातू काढून टाकते. १८०५ साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली भगवद्गीता अशी कोरलेली होती. एचिंगमध्ये पत्र्यावर मेण-राळेचा पातळ लेप देतात, सुईने फक्त तो लेप खरवडतात, आणि पत्रा आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेषांपुरताच धातू आम्ल खाते. सुईला धातूचा अडथळा नसल्यामुळे रेषा कागदावरच्या लेखणीसारखी मोकळी धावते, आणि दोमेनिकोची शैली या मोकळेपणावरच उभी आहे. त्याच्या रेषा आखूड, तुटक, किंचित थरथरत्या आहेत. कागदाचा कोरा भाग तो ऊन म्हणून वापरतो. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील मोजक्या ओळींवरून, बाळ येशू, त्याचे आईवडील मरीया व योसेफ आणि गाढव यांना घेऊन त्याने २४ प्रसंग रचले, आणि त्यांत ही मंडळी कधी पाठमोरी चालताना, कधी नावेत बसलेली दिसतात. ‘कोरीव’ म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे लेण्यांतला कातळ येतो. या चित्रांत तर प्रवासाचा थकवाही हलक्या हाताने उतरला आहे.

आम्ल धातू खाते, हेच व्युत्पत्तीही सांगते. इंग्रजी ‘एच’ हे क्रियापद डचमार्गे जर्मन ‘एट्झेन’वरून आले, आणि त्याचे नाते ‘खाणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी आहे. इटालियनमध्ये या तंत्राला ‘आक्वाफोर्ते’, म्हणजे ‘जोरकस पाणी’, म्हणतात. आपल्याकडे आलेला फारसी ‘तेजाब’ नेमका तसाच घडला आहे : तेज म्हणजे तीव्र, आब म्हणजे पाणी. दोन भाषांनी एकाच द्रवाकडे इतक्या सारख्या नजरेने पाहावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रश्न : मग ‘तेजाबचित्र’ म्हणावे का?

उत्तर : घडण सुंदर असली तरी ‘तेजाब’ ऐकताच आज हल्ल्यांच्या बातम्या आठवतात, आणि या विषयाला ती छाया नको. क्रियेसाठी ‘अम्लरेखन’च ठेवावे, कारण त्यात आम्ल आणि रेषा दोन्ही आहेत, कागदावर उमटलेल्या प्रतीला ‘छापचित्र’ म्हणावे. आपले वाक्य ‘दोमेनिकोने अम्लरेखनाने केलेली छापचित्रे’ असे होईल.