पाळकांना इतक्यात बोलवू नका

ताई, दहावीतला मुलगा रविवारी उपासनेला येत नाही म्हणून तुम्ही मोबाईल काढून घेतलात, आता चर्चच्या पाळकांना घरी बोलावणार म्हणता. रागावू नका, पण पाळकांची घाई नको. चारचौघांत विषय निघाला की या वयातली पोरं आणखीच मिटतात.

इकडे नवापूरला मी ६ वर्षं तरुण संघ बघतोय. सुरुवातीला मीही हजेरी मांडायचो, वचनं पाठ करून घ्यायचो. एकदा मे महिन्यात, पत्र्याखाली नुसती भट्टी झालेली, सभेनंतर एक पोरगा खुर्च्या रचायला थांबला. सगळ्या रचून होईपर्यंत गप्प. शेवटची ठेवताना म्हणाला, "दादा, प्रार्थना करताना मला काहीच वाटत नाही. हे पाप आहे का?" उत्तर तोंडावर आलं होतं, नशीब, गिळलं. "कधीपासून?" एवढंच विचारलं. मग तासभर बोलला. त्यात देव थोडा, घरातली भांडणंच जास्त.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात १२ वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो, ३ दिवसांनी सापडतो. त्याचं बोलणं आईबापांना समजलं नाही, असं तिथे सरळ लिहिलंय. मरीयेला जे कळलं नाही ते आपल्याला लगेच कळावं?

मोबाईल परत द्या. रात्री मात्र सगळ्यांचे हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचाही. आणि झोप-जेवण उडालं असेल, मरणाची भाषा असेल, तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.