यमनाची रिंगटोन, भैरवीची खोडी

खाजणकाठ:
रागदारीची रिंगटोन लावणाऱ्यांशी मला भांडायचंय, म्हणून हा धागा. अपमानबिपमान हा माझा मुद्दा नाही, गाणं देव्हाऱ्यात ठेवा असंही म्हणत नाही. अडचण एवढीच की रिंगटोन वाजते ती तोडण्यासाठीच. बंदिशीचा मुखडा (पहिली ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तिथे खरी गंमत, आणि नेमका त्याच्या आधी माणूस 'हॅलो, काय रे' करतो. परवा संध्याकाळी मालवणच्या जेटीवर मासळीचा लिलाव चालला होता. एका व्यापाऱ्याच्या खिशात यमन राग सुरू झाला. दोन्ही हात माशांच्या पाण्याने बरबटलेले, फोन काढणार कसा? मुखडा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून, आणि सम एकदाही नाही! बोली लावणारा त्याच्यावर आवाज चढवतोय तो वेगळाच. वेळ तरी बरोबर होती म्हणायची, यमन संध्याकाळचाच. सकाळी सहाच्या एसटीत मी रात्री उशिराचा मालकंस ऐकलाय.

हापूसवाला:
कापाकापीचं दुखणं जुनंच आहे हो. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान तबकडीसाठी गायल्या तेव्हा लांबलचक गाणं तीनेक मिनिटांतच बसवायचं होतं. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या, केरीच्या केसरबाई केरकर घ्या. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. छोटी म्हणून कुणी नाक मुरडलं?
आणि फोनचंच म्हणाल तर नोकियाची ती जगभर वाजलेली धून स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगाच्या 'ग्रान वाल्स'मधली. गाडी रिव्हर्स घेताना जे टुंगटुंगतं ते पुष्कळदा बेथोव्हेनचं 'फ्युर एलिझ' असतं. तो १८२७ मध्ये वारला आणि ही रचना छापली गेली १८६७ मध्ये. हयातीत ज्याला ती छापलेली बघायला मिळाली नाही, त्याची सुरावट आज कणकवलीचा रिक्षावाला ओळखतो. याला तुम्ही वाईट म्हणणार?

खाजणकाठ:
रिक्षावाला बेथोव्हेन ओळखत नाही. 'गाडी मागे येतेय, बाजूला व्हा' एवढंच ओळखतो. हेच तर सांगतोय मी.
केसरबाईंचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. साडेतीन मिनिटं असतील, पण कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे गाणारीने ठरवलंय. तुमची रिंगटोन कोण कापतो? मोबाइल दुकानातला पोरगा, नाहीतर एखादं ॲप.

झांजवाली:
तुमचं चालू द्या, मधे एक किस्सा ऐका. आमच्या वाडीत (कुडाळकडची) जत्रेच्या नियोजनाची बैठक म्हणजे रात्रीचे अकरा ठरलेले. एक काका गेल्या वर्षीच्या मंडपाचा हिशोब काढतात आणि मग थांबायचं नाव नाही. त्यात वाडी डबलबारीवेडी, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांची वेडी. भैरवी शेवटाला म्हणतात, ती लागली की उठायचं, हे पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. पोरांनी काय केलं, चार-पाच जणांना आधीच फितवून सगळ्यांच्या फोनला पेटीवरची एकच भैरवी लावली. काका ताडपत्रीच्या भाड्यावर आले आणि एकेक फोन वाजायला लागला. पहिल्याला लोक हसले. दुसऱ्याला चुळबुळ. तिसऱ्याला मागच्या रांगेतले आजोबा खरोखरच चपला शोधायला लागले, त्यांचं बघून दोघी-तिघींनी पदर सावरला. काका क्षणभर गप्प, मग स्वतःच म्हणाले, "बरां तर, उरलेलां फुडच्या टायमाक."
आता सांगा, हे काम एखाद्या सिनेमाच्या गाण्याने झालं असतं?

हापूसवाला:
झांजवाली, ही तर थेट ऑस्ट्रियाचा संगीतकार हायडनची खोडी! १७७२ ची गोष्ट. एस्तरहाझी राजकुमार उन्हाळी महालातून हलेना, आणि वादकांना घरची ओढ लागलेली. हायडनने सिंफनी अशी रचली की शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवून मेणबत्ती विझवतो आणि चालता होतो, अखेर दोन व्हायोलिनं उरतात. राजकुमाराला इशारा कळला, मुक्काम हलला. याच माणसाने पुढे एका सिंफनीत हळुवार चाललेल्या सुरात मधेच धाडकन मोठा आवाज घातलाय, ऐकणारा दचकलाच पाहिजे. शास्त्रीय संगीत म्हणजे सुतकी चेहरा, हे आपणच ठरवून बसलोय.

देवगडचो:
आमच्या जत्रेत दशावतार होतो. संकासूर येवन उभो रवलो आणि फुडच्या खुर्चेर एकाचो फोन वाजूक लागलो. खयचो राग ता माका कळना नाय, पण आऽऽ आऽऽ चललला. संकासूर थांबलो, तेच्याकडे बघल्यान आणि म्हणालो, "मी वेद चोरलंय, तुझो फोन नाय. उचल तो!" लोक हसान हसान आडवे. आमच्यात लिवलेले संवाद नसतत, म्हणान ह्यां जमता.

वेंगुर्लेकरीण:
हसून झालं असेल तर माझंही ऐका. माझ्या मुलाने गंमत म्हणून त्याच्या मामाच्या फोनला सनई लावून ठेवली. घरात साखरपुडा होता, तोवर ठीक. दादाला रिंगटोन बदलता येत नाही आणि सांगायचा संकोच. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वाडीत मयत झालं, आणि स्मशानात अग्नी देतानाच सनई. घाबरून त्याला फोन बंदही करता येईना. कुणी एक शब्द बोललं नाही, पण बाराव्याला दादा त्या घरी गेला नाही. फोन माणसाबरोबर कुठे कुठे जातो याचा खोडी काढणाऱ्याने विचार करायला नको? मुलाला चांगलं झापलं मी.
खाजणकाठ, तुमचं 'लावूच नका' मात्र पटत नाही. माझ्या फोनला भूप आहे. तो वाजला की शेजारची पोर खिडकीत येऊन तो पुढे गुणगुणते. समेवर तीच आणून सोडते.

खाजणकाठ:
त्या पोरीला पेटी शिकायला पाठवा, माझ्यातर्फे दहा गुण. पण अपवादाने नियम मोडत नाही.
हापूसवाला, आता तुम्हीच सांगा. मैफल चाललीय, बाई काळी चारच्या पट्टीत यमन गातायत, आणि तुमच्या खिशातला यमन पांढरी एकच्या पट्टीत सुरू झाला. तानपुरा कुणाचा ऐकायचा? २०१२ मध्ये न्यूयॉर्कला मालरची नववी सिंफनी अखेरीला आलेली असताना आयफोनची 'मरिम्बा' रिंगटोन वाजत राहिली, तेव्हा वाद्यवृंदाचा संचालक ॲलन गिल्बर्टने वादन थांबवलं होतं. ती निदान परकी धून होती. घरचाच राग बेसूर वाजणं जास्त टोचतं.

हापूसवाला:
मैफलीत फोन बंद ठेवावा, इतकंच यातून निघतं. त्यात यमनाचा काय दोष?

आंबोलीचं धुकं:
पावसाळ्यात आमच्याकडे रेंज आली तर लोक पेढे वाटतील. वाजू दे तरी आधी, मग राग ठरवू.

हापूसवाला:
😂 झांजवाली, ती पेटीवरची भैरवी पाठवाल का? गुरुवारी आमच्या आंबा बागायतदारांची बैठक आहे आणि अध्यक्ष फवारणीवर बोलणार आहेत.

झांजवाली:
पाठवते. चार फोन तरी लागतील, एकट्याने होत नाही.

खाजणकाठ:
आणि पूर्ण आवर्तनाची पाठवा. उचलणाऱ्यांनाही सांगून ठेवा, समेच्या आधी हात लावायचा नाही.