उत्तर: बॉल पायथन अजगरांच्या क्लाउन प्रकल्पासाठी (म्हणजे 'क्लाउन' रंग-नक्षीची पिल्लं मिळवण्यासाठी) जोडी कशी निवडावी?

वर कोणीतरी '६६ टक्के हेट'ची स्वस्त जोडी सुचवली आहे. हेट म्हणजे जनुकाची एकच प्रत असलेला, दिसायला साधा साप; ६६ टक्के म्हणजे तो हेट असण्याची शक्यता ३ पैकी २. क्लाउन अप्रभावी जनुक आहे, म्हणजे दोन प्रती असतील तरच नक्षी दिसते, म्हणून हिशोब बघा: दोघंही खरोखर हेट असण्याची शक्यता ९ पैकी ४, आणि त्यातून प्रत्येक अंड्यातून क्लाउन निघण्याची शक्यता ९ पैकी फक्त १. बॉल पायथन एका वेळी साधारण ४ ते ८ अंडी देते. म्हणजे तीन वर्षं मादी वाढवूनही हाती काहीच न लागणं अगदी शक्य आहे. त्यापेक्षा पैसे नरावर घाला. दिसणारा क्लाउन नर आणि खात्रीची हेट मादी घेतली तर सरासरी निम्मी पिल्लं क्लाउन. नर लवकर वयात येतो, शिवाय एकच नर अनेक माद्यांना पुरतो. शंका असेल तर कातेवरून जनुक चाचणी करून घ्या, क्लाउनसाठी ती उपलब्ध आहे.

हेट मादीचा मॉर्फ (रंग-नक्षीचा प्रकार) बाकी साधा चालेल, पण ती नियमित खाणारी हवी. मादी दीड किलोच्या आत असेल तर जोडी लावूच नका.

आणि कृपा करून स्पायडर मॉर्फ नको. नक्षी सुंदर आहे हे मान्य, पण त्या जनुकाबरोबर डोक्याची थरथर येतेच, कमी किंवा जास्त. २०२२च्या अभ्यासात त्यांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली दिसली. सुपर सिनॅमनही (सिनॅमन जनुकाच्या दोन प्रती असलेला) टाळा, त्यात चपटं तोंड आणि वाकडा कणा निघतो. विकणाऱ्याकडे आई-बापाचे फोटो मागाच.