केबलचे मालक कायद्याने बुडाले की स्वतःच्या करणीने?

खाडीकाठ
गणपतीला गावी गेलो होतो. बाजारपेठेतल्या ज्या गच्चीवर केबलची मोठी छत्री होती, तिथे आता गंजलेलं तिकाटणं तेवढं उरलंय. खाली कंट्रोल रूम होती, तिथे मोबाइलचं दुकान आलंय. केबलचे मालक समोरच्या ओट्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलीय. त्यांनी मला ओळखलं, घरच्यांची विचारपूस केली. चॅनेलचा विषय त्यांनी काढला नाही, माझ्याच्यानेही निघाला नाही. तेव्हापासून मनात घोळतंय ते इथे मांडतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात या माणसाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९९१ला स्टार आलं, १९९२ला झी. यांनी कर्ज काढून छत्री बसवली आणि माडापोफळींवरून वायर ओढत सगळा गाव जोडला. एक चॅनेल मोकळा ठेवला. त्यावर आधी व्हीसीआरवरचे सिनेमे लागायचे, पुढे स्वतःचं बातमीपत्र सुरू झालं. रात्री आठला बातम्या, सकाळी त्याच पुन्हा. २००५च्या पुरात मोठ्या चॅनेलांवर मुंबई आणि मिठी नदी चालू होती. आमच्याकडे कुठल्या शाळेत सोय केलीय, एसटी कुठपर्यंत जातेय, हे याच बातमीपत्रातून कळायचं.

२०११ला केबल कायदा बदलला. जुनी केबल बंद करून डिजिटल करायला, मोठी शहरं सोडून बाकी शहरांसाठी ३१ डिसेंबर २०१५ आणि खेड्यांसाठी ३१ मार्च २०१७ ही शेवटची तारीख शेवटी ठरली. घरोघरी सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. स्वतःचं डिजिटल हेडएंड, म्हणजे चॅनेल पकडून केबलमध्ये सोडणारी यंत्रणा, उभारायचं तर लाखोंचा खर्च, नाहीतर बाहेरच्या मोठ्या कंपनीच्या फायबरला जोडून घ्यायचं. मालकांनी जोडून घेतलं आणि त्या दिवसापासून ते फक्त वसुली करणारे राहिले. स्वतःचा चॅनेल दाखवायलाही कंपनीला पैसे मोजायचे! माझं मत स्पष्ट आहे, या माणसाला कायद्याने मारलं.

फणसवाडी
अजिबात पटलं नाही. तुम्ही मुंबईहून चार दिवस येत होता, आम्ही बारा महिने त्यांच्या वायरीवर होतो.

गावात दुसरा केबलवाला आला होता, आठवतंय? सहा महिन्यांत गेला. त्याच्या वायरी रात्रीत तुटायच्या. कोण तोडत होतं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून नाव घेत नाही. पण तो गेल्यावर महिन्याचे पैसे वाढले, हे मी भरलेत. तक्रार केली की चित्राला मुंग्या यायच्या.

आणि बातमीपत्राचं म्हणाल तर आमच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन तहसीलवर गेल्या होत्या. मे महिना, विहिरी आटलेल्या. चॅनेलचा कॅमेरावाला आला, तासभर शूटिंग केलं, माझ्या आईला बोलायला लावलं. रात्री आठला अख्खी वाडी टीव्हीसमोर बसली. एक सेकंद दाखवलं नाही. त्याच बातमीपत्रात ज्या पुढाऱ्याविरुद्ध मोर्चा होता त्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र तीनदा लागल्या. आई त्यानंतर कधी त्या चॅनेलसमोर बसली नाही. लोकांनी बॉक्स आल्यावर मागे वळून पाहिलं नाही, त्याचं कारण हे आहे.

जुना लाइनमन
मी अकरा वर्षं त्यांच्याकडे होतो. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

कनेक्शनं लपवली जायची, हे मी कबूल करतो. कागदावर निम्म्याहून कमी घरं. मालकांनीच नव्हे, जिल्ह्यातल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकाने हेच केलं. पे चॅनेलवाल्यांना पैसे कागदावरच्या घरांचे आणि करमणूक करही तेवढ्यांचाच. या फरकावर धंदा उभा होता. बॉक्स आला तसं प्रत्येक घर मोजलं गेलं आणि फरक संपला.

पण तो पैसा कुठे जायचा तेही ऐका. वळवाच्या पहिल्या विजेला ओळीने ॲम्प्लिफायर जळायचे. एका वाडीत चार घरं, पुढची वाडी डोंगरापलीकडे, तिथपर्यंत वायर आमच्याच खर्चाने. पावसात झावळी पडली की मी रात्री काठी न् टॉर्च घेऊन बाहेर. आणि कोळीवाड्यात जून-जुलैची मासेमारी बंदी असताना मालकांनी एकाचंही कनेक्शन कापू दिलं नाही. नारळी पौर्णिमेनंतर बघू, म्हणायचे. ताई, हंडा मोर्चाच्या दिवशी मी सुट्टीवर होतो. पण असं व्हायचं, हे खोटं बोलून नाकारणार नाही.

सड्यावरचा
कायदा आणि करणी बाजूला ठेवा. केबल मेलं ते डीटीएचने. डिश टीव्ही २००३ला आलं आणि डिसेंबर २००४ला दूरदर्शनची फुकटची डीटीएच. लाइनमन म्हणतात तशी चार घरांची वाडी असेल, तर तिथे दीड-दोन किलोमीटर वायर ओढण्यापेक्षा कौलावर दोन फुटांची ताटली सोपी. आमच्या सड्यावर २०१०च्या आधीच सगळ्यांकडे ताटल्या होत्या. मालकांना हे दिसत नव्हतं? तेव्हाच बातमीपत्र सुधारलं असतं, तर लोकांनी ताटलीसोबत केबलही ठेवलं असतं.

खाडीकाठ
@फणसवाडी, ताई, मोर्चाचं मला ठाऊक नव्हतं. वाचून वाईट वाटलं. तरी एक विचारतो. मालक पेठेत बसायचे, त्यांच्या तोंडावर जाऊन भांडता येत होतं. आज ज्या कंपनीचा बॉक्स आहे तिच्याशी कुठे भांडणार? फोन लावला की बटणं दाबत बसा.

फणसवाडी
गेले होते ना भांडायला! दुसऱ्या दिवशी सकाळी, आईला घेऊन. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "पोरी, मलाही दुकान चालवायचंय." आईने चहा घेतला नाही. समोर भेटता आलं म्हणून अन्याय लहान होत नाही.

देवगडकर
आमच्याकडे केबलवर रात्रीचो दशावतार लावीत. लोकां म्हणत, आता जत्रेक कोण जातलो? पण जत्रेची गर्दी काय कमी झाली नाय. उलट म्हाताऱ्यांका घरात बसान बघूक मिळालो. आता पोरां मोबाइलवर लाइव्ह करतत, तेका मालक कशाक होयो?

माहेरवाशीण
देवगडकर, लाइव्ह करणाऱ्या मुलांचं कौतुकच आहे. पण निवडणुकीत बघा. केबलवरच्या राजकीय जाहिरातीला २००४पासून आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि केबलवाल्याची नोंदणी २०२५पर्यंत हेड पोस्टात असायची. काही चुकलं तर विचारायला एक पत्ता होता. फणसवाडीताईंचं दुःख कमी लेखत नाही, माझ्या मते मालकांची ती चूक अक्षम्य आहे.

मला मात्र दुसराच राग आहे. माझे वडील गेले तेव्हा चॅनेलच्या खालच्या पट्टीवर त्यांचं नाव आलं होतं, दहाव्यापर्यंत रोज. आमच्या शिमग्यात पालखी नाचवताना वडिलांचं शूटिंग झालेलं. दोन वर्षांनी मी ती टेप मागायला गेले, तर तिच्यावर अंडरआर्म क्रिकेटचे सामने भरलेले. टेप महाग होत्या, पुन्हा पुन्हा वापरायचे. वीस-बावीस वर्षं एका तालुक्याचे चेहरे टिपले, नमन-खेले, पालख्या, बारीची भजनं, आणि जपलं काहीच नाही. धंदा कायद्याने बुडाला असेल. हे बुडवलं त्यांनीच.

जुना लाइनमन
सगळं नाही बुडालं, ताई. शेवटच्या चार-पाच वर्षांत टेप स्वस्त झाल्या होत्या, तेव्हा पुसणं थांबलं. मालकांच्या माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका आहेत, मिनी डीव्ही म्हणजे कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल टेपच्या. मी स्वतः चढवल्यात. आपल्याकडच्या हवेत बुरशी किती चढलीय सांगता येत नाही.

सड्यावरचा
माझ्याकडे जुना पॅनासॉनिक आहे, डीव्ही वाचणारा. हेड, म्हणजे टेप वाचणारे भाग, साफ करावे लागतील. टेप आधी कोरड्या जागी ठेवा, लगेच चालवू नका, बुरशी हेडला लागली तर दोन्ही जातील. दिवाळीत मी गावी आहे.

खाडीकाठ
मालकांना मी विचारतो. उद्याच फोन करतो.

फणसवाडी
त्या टेपांवर तारखा घातलेल्या असतात का? आमचा मोर्चा मे २०१३चा. मालकांना माझं नाव सांगितलंत तरी चालेल. आई आता नाही. ती कॅमेऱ्यासमोर काय बोलली ते गर्दीत मला ऐकू आलं नव्हतं.