विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्या रोज वाचणं फ्रीलान्सरला परवडतं का?

गंगापूररोड_कोडर (धागाकर्ता)

नाशिकमधल्या फ्रीलान्स मंडळींसाठी धागा काढतोय. कोडर, तांत्रिक लेखक, भाषांतरकार, विज्ञानावर लिहिणारे, सगळे या. माझं मत आधीच सांगून टाकतो: रोज टेक न्यूज वाचणं हा धंद्यातला खर्च आहे आणि तो कुठलाही क्लायंट भरून देत नाही. तासाचा दर ८०० रुपये धरा, रोज दीड तास धरा, कामाचे दिवस २५. महिन्याला ३०,००० रुपये झाले. नोकरीवाल्याचा हा वेळ कंपनीच्या खात्यात जातो, आपला आपल्याच खिशातून.

त्यापेक्षा असं करा. फोनवरची बातम्यांची नोटिफिकेशन्स बंद. एक आरएसएस रीडर (निवडलेल्या साइटांचं नवीन लिखाण, म्हणजे त्यांची 'फीड', एका जागी आणणारं ॲप) घ्या: इनोरीडर, फीडली, किंवा स्वतःचा सर्व्हर असेल तर फ्रेशआरएसएस. त्यात तीसच्या वर फीड भरू नका. शुक्रवारी दुपारी दोन तास बसा. पहिली वीस मिनिटं फक्त मथळे. जे वाचायचंय त्याला तारा लावायचा, बाकी सगळं 'वाचलं' करून मोकळं व्हायचं. मग तारा लावलेल्यांतल्या जास्तीत जास्त पाच गोष्टी मुळापासून वाचायच्या. बातमी नव्हे, मूळ पेपर, रिलीज नोट किंवा परिपत्रक.

थांबल्याने नुकसान होत नाही, उलट निम्मा धुरळा बसलेला असतो. एलके-९९ आठवा. २२ जुलै २०२३ ला आर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या (परीक्षकांनी तपासण्याआधीच्या पेपरांच्या) साइटवर दक्षिण कोरियाच्या गटाचा पेपर आला: साध्या तापमानाला, साध्या दाबाला अतिवाहकता, म्हणजे वीज शून्य रोधाने वाहणं. पदार्थाचं नाव एलके-९९. अर्धवट तरंगणाऱ्या खड्याचे व्हिडिओ गावभर फिरले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी नमुना बनवून पाहिला, अतिवाहकता काही दिसली नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत उलगडा झाला की नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ आहे आणि १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची रचना बदलते, म्हणून तिथे रोधकता धाडकन पडते. तीन आठवड्यांत खेळ खलास. त्या तीन आठवड्यांत रोज दीड तास घालवणाऱ्याच्या हाती काय लागलं?

लघुग्रह

काय लागलं? काम लागलं. विज्ञानावर लिहिणाऱ्यासाठी ते तीन आठवडेच बातमी होती. 'असा दावा तपासतात कसा, शून्य रोध आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलणं या दोन्ही खुणा का लागतात' हा लेख संपादक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मागतो. सप्टेंबरमध्ये त्याला तो फुकटही नको असतो.

शुक्रवारी दुपारी बसणाऱ्याच्या हाती त्या आठवड्याचं शिळंच येणार, कारण मोठी जर्नल्स त्याआधीच निघून गेलेली असतात. 'नेचर'चा एम्बार्गो (ठरल्या वेळेआधी बातमी न छापण्याचं बंधन) बुधवारी लंडनच्या दुपारी चारला उठतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री ८:३०, हिवाळ्यात ९:३०. 'सायन्स'चा गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी दोनला. आपल्याकडे रात्री ११:३०, हिवाळ्यात १२:३०, म्हणजे तारीख शुक्रवारची. लोकांचा घोळ होतो तो मार्चमध्ये. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे एक वेळ बदललेली, दुसरी जुनीच. कॅलेंडरमध्ये भारतीय वेळ टाकू नका. त्या नोंदीचा टाइम झोन लंडन किंवा न्यूयॉर्क ठेवा, फोन आपोआप बदल धरतो.

एम्बार्गोचं साहित्य आधी पाहायला युरेकअलर्टसारख्या (संशोधनाच्या प्रसिद्धिपत्रकांच्या) ठिकाणी पत्रकार म्हणून नोंदणी लागते. फ्रीलान्सरकडून नावानिशी छापून आलेल्या विज्ञान-बातम्यांचे नमुने मागतात. कंपन्यांसाठी केलेलं जाहिरातीचं लिखाण त्यात धरत नाहीत. नोंदणी झाली की पेपर आधी हाती येतो, आणि तो वेळ लेखकांशी संबंध नसलेल्या एखाद्या शास्त्रज्ञाचं मत घ्यायला वापरायचा. रोजची वीस मिनिटं. दीड तास कोण म्हणतंय?

आणि 'थांबलं की खरं कळतं' हेही अर्धंच. साध्या तापमानाच्या अतिवाहकतेचाच दावा करणारा ल्युटेशियम हायड्राइडचा पेपर तर मार्च २०२३ मध्ये साक्षात 'नेचर'मध्ये आला, परीक्षकांच्या चाळणीतून. मागे घेतला नोव्हेंबरमध्ये. आठ महिने थांबणार का?

तर्री_जास्त

तासाला ८०० मिळवणारा फ्रीलान्सर दीड तास 'बातम्या' वाचतो म्हणजे त्यातली सव्वा तास भांडणं वाचतो, हे धागाकर्त्याने हिशेबात धरलेलं दिसत नाही.

सातपूर_सर्व्हर

कोडरने आठवड्यातून एकदा वाचावं हा सल्ला सरळ धोकादायक आहे. लॉगफोरजे २०२१. जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी लिहिणारी ही लायब्ररी (तयार कोड). तिच्या सुरक्षेतल्या भेगेची जाहीर वाच्यता ९-१० डिसेंबरला, गुरुवार-शुक्रवार. शनिवार-रविवारी जगभर हल्ले सुरू. पहिला इलाज आवृत्ती २.१५.०, तो अपुरा ठरला म्हणून तीन-चार दिवसांत २.१६.०, मग त्यातही सेवा ठप्प पाडणारी भेग निघाली म्हणून २.१७.०. शुक्रवारी दुपारी तीनला २.१५ टाकून 'झालं' म्हणत रीडर बंद करणारा पुढच्या शुक्रवारी उठणार. तोवर अंबडच्या क्लायंटचा सर्व्हर कुणाच्या हातात?

गंगापूररोड_कोडर

सर्व्हर, हे बातमीत येत नाही, हे इशाऱ्यात येतं. दोन्ही एका टोपलीत टाकता म्हणून दिवसभर चाळत बसावं लागतं. इशारे ताबडतोब यायलाच हवेत, पण ते आपल्या क्लायंटकडे जे चालतं त्यापुरतेच. गिटहबवर त्या लायब्ररीच्या पानावर 'वॉच', मग 'कस्टम', मग फक्त 'रिलीजेस' आणि 'सिक्युरिटी अलर्ट्स' यांवर खूण. ईमेल नको असेल तर रिलीजच्या पानाच्या पत्त्यामागे .ॲटम जोडा, फीड तयार. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सीसा प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या भेगांची यादी ठेवते. सगळ्या सीव्हीई (क्रमांक देऊन जाहीर केलेल्या भेगा) वाचण्यापेक्षा ती एक यादी पुरते, बाकी आवाज.

बातमीने उलटं कसं होतं तेही बघा. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या लिनक्सवरच्या फाइल दाबणाऱ्या साधनातलं चोरदार (बॅकडोअर) उघड झालं. मथळे असे की सगळं लिनक्स गेलं. बाधित आवृत्त्या दोनच, ५.६.० आणि ५.६.१, आणि बहुतेक स्थिर वितरणांत त्या पोचल्याच नव्हत्या. टर्मिनलवर आवृत्ती विचारायला दहा सेकंद लागतात. लोकांनी गुड फ्रायडेची अख्खी सुट्टी थ्रेड वाचण्यात घालवली.

सातपूर_सर्व्हर

इशारे वेगळे काढलेत तर माझा निम्मा आक्षेप मिटला. पण एक भोक राहतंच: तुमची यादी अपुरी असते. लॉगफोरजे बहुतेकांनी थेट घेतलेलं नव्हतं, ते तिसऱ्याच पॅकेजच्या पोटात होतं. 'वॉच' लावणार कशावर? त्यासाठी प्रत्येक प्रोजेक्टची पूर्ण डिपेंडन्सी यादी (तो ज्या ज्या पॅकेजांवर उभा आहे ती सगळी) काढून ठेवायची: मेव्हनमध्ये डिपेंडन्सी ट्री, एनपीएममध्ये लॉक फाइल. ती दर रिलीजला नव्याने काढायची आणि गिटहबचा डिपेंडाबॉट (त्या यादीतल्या भेगांचा इशारा देणारा) चालू ठेवायचा. हे न करता नुसता शुक्रवारचा दरबार भरवला तर उपयोग शून्य.

शिवाय काही गोष्टी बातमीही नाहीत आणि इशाराही नाहीत, नुसत्या तारखा आहेत. नोड.जेएस १८ चा आधार ३० एप्रिल २०२५ ला संपला, पीएचपी ८.१ चा ३१ डिसेंबर २०२५ ला. या वर्षभर आधी माहीत असतात. कॅलेंडरमध्ये टाका, तीन महिने आधीची आठवण लावा आणि अपग्रेडचं कोटेशन तेव्हाच पाठवा. त्या तीन ओळींच्या मेलमधून जेवढं काम येतं तेवढं एआयवरच्या शंभर बातम्या वाचून येत नाही.

द्राक्षमळा

तुम्ही सगळे लंडन-न्यूयॉर्कच्या घड्याळावर का नाचताय? 'नेचर'चा पेपर जगातले सगळे लेखक एकाच वेळी उघडतात. नाशिकच्या फ्रीलान्सरला तिथे भाव कसला मिळणार? इथले निर्यातदार, औषध विक्रेते, शेतकरी कंपन्या यांना माहितीपत्रकं, फवारणीचे तक्ते, ॲपमधला मजकूर लागतो. त्यासाठी जे वाचायचं ते कुठल्याही टेक न्यूजमध्ये येत नाही.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षं अडली, हे इथे कुणाला सांगायला नको. असले नियम एका रात्रीत लागू होत नाहीत. क्लोरपायरिफॉसची मर्यादा सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोवर आणणारा युरोपीय नियम जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १३ नोव्हेंबरपासून लागू. मध्ये साडेतीन महिने. आपली गोडी बहाराची छाटणी ऑक्टोबरच्या आगेमागे. म्हणजे असा बदल छाटणीआधी फवारणीच्या तक्त्यात उतरला तर वाचलो. जानेवारीत माल तयार झाल्यावर प्रयोगशाळेच्या अहवालात कळला तर बागेत करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून वाचायच्या जागा तीन. युरोपीय संघाचा कीटकनाशकांचा डेटाबेस, पीक 'टेबल ग्रेप्स' निवडून. वाइनच्या द्राक्षांची नोंद वेगळी आहे आणि घाईत हमखास तीच उघडली जाते. दुसरी, आरएएसएफएफ या युरोपच्या अन्नसुरक्षा इशारा यंत्रणेचं खुलं पोर्टल. उगमदेश भारत आणि वर्ग फळं-भाज्या लावला की कोणत्या अंशामुळे कोणता माल अडला ते दिसतं. तिसरी, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले आणि अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची परिपत्रकं. आठवड्याला पाऊण तास. धागाकर्त्याशी सहमत, फक्त शुक्रवार कशाला, सोमवार धरा. शुक्रवारी संध्याकाळी नवीन माहिती कळून क्लायंट फोन उचलत नाही.

लघुग्रह

द्राक्षमळा, तुमचा मुद्दा चोख आहे, पण तो एका पिकाचा फ्रीलान्सर झाला. सगळ्यांनी एकच बीट (लिखाणाचा विषय) धरली तर दर कोण पाडतं ते बघाच.

अर्धविराम

आता कुणीतरी म्हणणारच, म्हणून मीच म्हणते: हे सगळं एआयला वाचायला लावा, सारांश घ्या, वीस मिनिटांत आठवडा उरका. माझं मत 'हो' आहे, पण फक्त चाळणीसाठी. मथळे गटांत लावणं, एकाच बातमीच्या दहा आवृत्त्या एकत्र करणं हे तो उत्तम करतो. आकडा मात्र त्याच्याकडून कधीही घ्यायचा नाही.

लासलगावच्या विकिरण केंद्राचंच उदाहरण. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून मात्रा असते साधारण ६० ते ९० ग्रे (विकिरणाच्या मात्रेचं एकक). तीच काही कागदांत ०.०६ ते ०.०९ किलोग्रे अशी असते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे, तिथे हेतू किडीचा बंदोबस्त. सारांशात 'किलो' गळला किंवा कांद्याची मात्रा आंब्याला चिकटली तरी वाक्य वाचायला तितकंच गुळगुळीत लागतं. म्हणून आकडा, एकक, आणि कशासाठी, या तीन गोष्टी मूळ तक्त्यातून स्वतःच्या डोळ्यांनी.

टक्क्यांचंही तसंच. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसाने आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ही सापेक्ष वाढ. मूळ धोका शंभरात पाच धरला तर तो सहाच्या आसपास जातो, तेवीसवर नाही. सारांशात मूळ धोका बहुधा नसतोच, कारण प्रसिद्धिपत्रकातही नसतो.

संदर्भ दिला असेल तर डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) उघडून बघा. एआयने रचलेला असेल तर उघडत नाही, किंवा भलताच पेपर उघडतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. पेपर मागे घेतला आहे का हे पेपरच्या पानावरच्या क्रॉसमार्कच्या बटणावर किंवा रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत दिसतं. ती यादी २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि फुकट आहे. लघुग्रह यांच्या आठ महिन्यांच्या प्रश्नावर माझं उत्तर हेच: थांबायचं नाही, पण जुना लेख पुन्हा वापरायच्या आधी दोन मिनिटं इथे घालवायची.

कॉलेजरोड_नवशिका

मूळ पेपर वाचा म्हणता, पण ते चाळीस-चाळीस डॉलर मागतात. फ्रीलान्सरने आणायचे कुठून?

अर्धविराम

भाऊ, पैसे देऊ नकोस. आधी ब्राउझरमध्ये अनपेवॉल लाव. कायदेशीर फुकट प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. नाही सापडली तर शीर्षक गुगल स्कॉलरमध्ये टाकून 'ऑल व्हर्जन्स' बघ. तरी नाही तर पानावर ज्या लेखकाचा ईमेल आहे त्याला तीन ओळी लिही: कोण, कशासाठी, कोणता पेपर. स्वतःचा पेपर पाठवायला बहुतेकांची हरकत नसते.

'एक देश एक सदस्यता' योजनेत २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झालीत, पण ती सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. एकट्या फ्रीलान्सरला लॉगिन नाही. आपल्याकडे मुक्त विद्यापीठ आणि म्हसरूळचं आरोग्य विद्यापीठ, दोन्ही राज्य सरकारची. बाहेरच्या वाचकाला ग्रंथालयात बसून वाचू देतात का, हे फोन करून विचार आणि मगच रिक्षा कर.

कॉलेजरोड_नवशिका

धन्यवाद ताई. आणखी एक: आर्काइव्हचं मशीन लर्निंगचं फीड लावलं तर दिवसाला शेकडो नोंदी येतात. धागाकर्ते म्हणतात तसे शुक्रवारी मथळे वीस मिनिटांत कसे संपणार?

गंगापूररोड_कोडर

संपणार नाहीत, अख्खं फीड लावूच नकोस. त्यात नवीन पेपरांबरोबर दुसऱ्या विभागांतून आलेले आणि जुन्याच पेपरांच्या सुधारित आवृत्त्याही असतात. प्रत्येक नोंदीवर प्रकार लिहिलेला असतो. रीडरच्या फिल्टरमध्ये 'रिप्लेस' असलेल्या सगळ्या गाळ. मग आपल्या कामाचे पाच-सहा शब्द लाव, शीर्षक आणि सारांश दोन्हींत शोधायला सांग. यादी सोमवार ते शुक्रवार आपल्या पहाटे ५:३० ला येते, हिवाळ्यात ६:३० ला, शनिवार-रविवारी काही नाही. त्यामुळे शुक्रवारी दुपारी अख्खा आठवडा एकत्र मिळतो. द्राक्षमळा, माझा शुक्रवार यासाठी.

द्राक्षमळा

तुमचा शुक्रवार तुम्हाला लखलाभ. क्लायंटचा फोन सोमवारीच लागतो.