मदत हवी आहे: पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं शौर्यपदक, फलकावर काय कोरायचं? (अर्जंट)

माणदेशी_८४
नमस्कार मंडळी, डायरेक्ट मुद्द्यावर येतो. आमच्या पणजोबांना पहिल्या महायुद्धात खंदकातल्या लढाईत शौर्यपदक मिळालेलं. गावात वेशीपाशी फलक लावायचा ठरलाय, ग्रामपंचायतीने जागा दिली, वर्गणी जमली, पाथरवट दगड घडवून बसलाय आणि रोज फोन करतोय की मजकूर द्या, पुढची कामं अडलीत. बुधवारपर्यंत द्यायचाय. मला फक्त पदकाचं नेमकं नाव आणि ते कशासाठी मिळालं एवढंच पाहिजे. मराठा रेजिमेंटच्या मिळतील तेवढ्या याद्या पाहिल्या, नाव कुठेच नाही. एका सरकारी कार्यालयात दोनदा जाऊन आलो, सत्तेचाळीसच्या आधीचं आमच्याकडे काही नसतं म्हणाले. घरात सगळे व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक) म्हणतात. माहिती असेल त्यांनी पटकन सांगा. 'गूगल करा' सांगू नका, महिनाभर तेच करतोय.

जुनी_पेटी
व्हिक्टोरिया क्रॉस नसणार, हे आधी मनातून काढा. हिंदी शिपायांना तो मिळायला लागला १९११ पासून, आणि पहिल्या महायुद्धात आपल्या फौजेतल्या फक्त ११ शिपायांना मिळाला, त्यात नेपाळचे गुरखेही आले. खुदादाद खान, दरवानसिंग नेगी, गबरसिंग नेगी, मीर दस्त, कुलबीर थापा, छत्तासिंग वगैरे. अकराही नावं माहितीची आहेत, त्यात मराठी माणूस नाही. मराठा पलटणीला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत, यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (१९४५).
आता तुम्ही सांगा. कुठे लढले? पदक घरात आहे का? असेल तर कसं दिसतं? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

माणदेशी_८४
फ्रान्सला. बर्फात, चिखलात, खंदकात. हे आजोबांकडून लहानपणापासून ऐकलंय. पदकं दोन आहेत, एक चांदणी आणि एक गोल पितळी. आणखी होती, पण ती आता नाहीत.

रायगडकर_माजीसैनिक
जय हिंद. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत २२ वर्षं काढली. बेळगावच्या सेंटरला पत्र लिहा, तिथे म्युझियम आहे, सगळं मिळेल. शर्कातच्या लढाईत, ऑक्टोबर १९१८, एकट्या ११४ मराठा पलटणीला २८ शौर्यपदकं मिळाली, एका लढाईत एका पलटणीला एवढी! तुमचे पणजोबा त्यातलेच असणार. मजकुरात 'शर्कात' टाका.

जुनी_पेटी
साहेब, शर्कात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. हे फ्रान्स म्हणतायत.

रायगडकर_माजीसैनिक
फ्रान्सलाही मराठा गेले होते. आमच्या पलटणीत जुने लोक सांगायचे.

जुनी_पेटी
मराठी माणसं गेली, मराठा पलटण नाही गेली. १९१४ ला फ्रान्सला उतरलेल्या लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजनमध्ये मराठा पलटण एकही नव्हती. १०३, ११०, ११७ या मेसोपोटेमियात होत्या, तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या, १९१६ च्या एप्रिलात उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. तुमच्या पलटणीचा मान मोठाच आहे, ११७ ला तर 'रॉयल' किताब मिळाला तो मेसोपोटेमियातल्याच कामगिरीसाठी. पण म्हणून प्रत्येक मराठी शिपाई मराठा पलटणीतलाच असं नाही ना.

रायगडकर_माजीसैनिक
बरं. पण पत्र तरी लिहू देत त्यांना.

कोकणकडा
थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. शंभर वर्षांनी इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांचा फलक लावायचा, यामागची भूमिका काय? त्यांच्या साम्राज्यासाठी आपली माणसं मेली.

माणदेशी_८४
ताई, भूमिका वगैरे नंतर बोलू, मला बुधवारची घाई आहे. पण एक सांगतो, १९ वर्षांचा माणूस दुष्काळी गावातून उठून भरती झाला तो पोटासाठी, आणि चार वर्षांनी परत आला तेव्हा त्याची आई गेलेली होती. गावात त्याच्या नावाचं काहीही नाही.

घाटमाथा
@कोकणकडा, सातारा जिल्ह्यात आमच्या बाजूला जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडा. नाव एकाचंही नाही. अपशिंगे (मिलिटरी) गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले असं सांगतात. इंग्रजांनी आकडा लिहिला, नावं आपण नाही लिहायची तर कोणी लिहायची?

कोकणकडा
नावं लिहायला माझा विरोध नाहीये. राजाचा जयजयकार नको एवढंच.

हिशोबनीस
स्वातंत्र्यसैनिक वारसांना सवलती असतात, तहसीलला अर्ज करा, सोबत वारस दाखला आणि रेशनकार्डची झेरॉक्स. पदकावर जमीन इनाम मिळायची तेव्हा, सातबारा काढून बघा, कदाचित तुमची जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली असेल.

माणदेशी_८४
अहो ते स्वातंत्र्यसैनिक नव्हते, आणि जमिनीचं मी विचारलंच नाहीये.

जुनी_पेटी
माणदेशीदादा, चांदणीवर मधे काय लिहिलंय? '१९१४' की '१९१४-१५'? दोन्ही चांदण्या दिसायला सारख्याच, तलवारी आडव्या-उभ्या, पण फरक फार मोठा. नुसतं १९१४ आणि वर-खाली ऑगस्ट, नोव्हेंबर असेल तर माणूस ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर पोचलेला होता. आणि चांदणी उलटी करा, मागे नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. गोल पदकाच्या कडेवरही असते, उजेडात तिरकं धरून बघा. भिंगाने बघा. ब्रासो (पितळ घासायचं पॉलिश) लावू नका!!

नीलपक्षी
ब्रासो अजिबात नको. आमच्याकडे आईने दिवाळीला घासून घासून अक्षरं गायब केली, आता नाव वाचताच येत नाही.

माणदेशी_८४
आत्ता गावी भावाला फोन करून बघायला लावलं. मधे १९१४, वर ऑग, खाली नोव्ह. मागे नंबर, मग एस पी आर, मग पणजोबांचं नाव (इंग्रजी स्पेलिंग चुकीचं आहे), मग '३ / एस अँड एम'. हे एस अँड एम म्हणजे सदर्न मराठा का? म्हणजे मराठाच ना शेवटी?

हिशोबनीस
एम अँड एस एम म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. माझे आजोबा हुबळीच्या वर्कशॉपला होते. तुमचे पणजोबा रेल्वेतच असणार, युद्धावर रेल्वेचे लोक नेले होते. रेल्वे पेन्शनचं रेकॉर्ड...

जुनी_पेटी
नाही नाही, थांबा! एस अँड एम म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स. एस पी आर म्हणजे सॅपर, हा हुद्दा. ३ सॅपर्स अँड मायनर्स म्हणजे खडकीचे, आजचे बॉम्बे सॅपर्स. म्हणून तुम्हाला मराठा पलटणीच्या यादीत नाव सापडत नव्हतं, महिनाभर चुकीच्या दारावर उभे होता तुम्ही.
आता नीट वाचा. खडकीच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९१४ अखेर फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल गावावर हल्ला झाला, त्यात '४७ शीख' ही पलटण आणि या दोन सॅपर कंपन्या. सॅपरचं काम खरं तर खंदक खणायचं, तारा लावायचं, पूल बांधायचं. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं संगिनी लावून सोडलं. सातशे यार्ड उघड्यावरून गेले, गावात शिरले, घराघरातून लढले, मागून कुमक आलीच नाही आणि माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे इंग्रज अधिकारी एकूण एक पडले किंवा जखमी झाले, नंतर माणसं आपल्याच हिंदी हुद्देदारांनी सांभाळली. तुमच्या पणजोबांच्या चांदणीची तारीख या सगळ्याशी जुळते. ते त्या हल्ल्यात होतेच असं मी म्हणत नाही, कंपनीचा नंबर लागेल त्याला. पण फ्रान्स, पहिला हिवाळा, खंदक, हे आजोबांनी सांगितलेलं खरं निघालं.

माणदेशी_८४
दोन मिनिटं काही सुचलं नाही. आजोबा सांगायचे की पणजोबा 'खणायला' गेलेले आणि आम्ही पोरं हसायचो की लढायला गेले का विहीर खणायला. माझा मोठा भाऊ तर तोंडावर म्हणाला होता. आजोबा त्यावर काही बोलायचे नाहीत, उठून गोठ्यात जायचे.

सुरुंगवाला
खणणं म्हणजे हसण्यावारी न्यायचं काम नाही दादा. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, भुईच्या पाण्याची पातळी दोन फुटांवर असलेल्या चिकणमातीत रात्री, उजेड न करता, शत्रू शंभर पावलांवर असताना चर खणून त्याला आधार देणं काय असतं याचा विचार करा. १९१४ ला हातबॉम्ब पुरेसे नव्हते तर आपल्या सॅपर लोकांनी जॅमच्या रिकाम्या डब्यात स्फोटकं भरून बनवले. काटेरी तार उडवायला लांब नळीचा बंगलोर टॉर्पेडो, तो १९१२ ला बंगलोरच्या मद्रास सॅपर्समध्येच तयार झाला, आजही जगभर वापरतात. त्यावरून आठवलं, आमच्या साईटवर...

घाटमाथा
साईटचं नंतर. पदक कोणतं ते राहिलंच की. चांदणी आणि पितळी गोल ही तर सरसकट सगळ्यांना मिळायची.

जुनी_पेटी
बरोबर. पितळी गोल म्हणजे पंखवाली देवी असलेलं व्हिक्टरी मेडल. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल असायला हवं, एका बाजूला राजा, एका बाजूला घोडेस्वार. ही तिन्ही सेवेची पदकं, शौर्याची नव्हेत. शौर्याचं वेगळं असणार. 'आणखी होती पण आता नाहीत' म्हणजे काय झालं त्यांचं?

माणदेशी_८४
बहात्तरच्या दुष्काळात विकली. चांदीची होती म्हणून. दोन होती. आजोबांनीच सोनाराकडे नेली, घरात आठ तोंडं होती. हे आम्ही बाहेर सांगत नाही म्हणून आधी लिहिलं नाही.

नीलपक्षी
यात लपवण्यासारखं काहीच नाही हो. आमच्या आजीची पाटल्या-पुतळ्यांची माळ त्याच वर्षी गेली.

जुनी_पेटी
चांदीची दोन, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. एक वॉर मेडल धरू. दुसरं पाहिलेलं कोणी हयात आहे का? फितीचा रंग विचारा. वॉर मेडलची फीत मधे नारिंगी, कडेला पांढरी-काळी-निळी.

माणदेशी_८४
आत्याला विचारलं, ८१ वर्षांची आहे, लहानपणी पोळ्याला बैलाच्या कपाळाला बांधायची म्हणाली. दोन्हीवर राजाचं तोंड. एकीची फीत गडद निळी आणि मधे तांबडा पट्टा. मागे घोडा नव्हता, पानांची माळ आणि मधे अक्षरं.

जुनी_पेटी
पानांची माळ, मधे अक्षरं, निळ्यात तांबडा पट्टा. हे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलशी जुळतं. १९०७ ला सुरू झालेलं, मागे लॉरेलच्या पानांत 'फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस'. त्याच्या वरचा इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, पण तो चांदणीसारखा असतो, त्यावर राजाचं तोंड नसतं, म्हणून तो नाही. तरी आत्यांच्या आठवणीवर दगड कोरू नका, कागद पाहिजे. तीन ठिकाणं: खडकीचं बॉम्बे सॅपर्सचं सेंटर, नंबर आणि चुकीचं इंग्रजी स्पेलिंग आहे तसंच देऊन पत्र. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जची मेडल कार्डं आणि युनिटच्या डायऱ्या, ऑनलाइन शोधता येतात. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल, तिथे जुनी गॅझेटं शोधा.

प्रवासी_पक्षी
लाहोर म्युझियममध्ये पंजाबच्या सैनिकांची रजिस्टरं सापडली, तीन लाखांच्या वर नावं, ऑनलाइन आहेत. तिथे बघा.

घाटमाथा
ती पंजाबची आहेत हो, माणचं माणूस तिथे कसं सापडेल.

रायगडकर_माजीसैनिक
सॅपर म्हटल्यावर माझं म्हणणं मागे घेतो. खडकीला माझे दोन बॅचमेट राहतात, पत्र कोणाच्या नावे, कसं लिहायचं ते विचारून सांगतो, मेसेज करा. आणि फलक तेवढ्यावर थांबवू नका. टिहरीकडे चंब्याला गबरसिंग नेगींच्या स्मारकावर दरवर्षी मेळा भरतो, आमच्याकडे माणगावला यशवंत घाडगेंचं स्मारक आहे. वर्षातून एक दिवस तरी गावाने जमावं.

कोकणकडा
दरवानसिंग नेगींनी तर राजाकडे स्वतःसाठी काही न मागता कर्णप्रयागला शाळा मागितली असं वाचलंय, ती झाली पण. फलकाशेजारी वाचनालयाची खोली बघा जमली तर. आणि सकाळी जरा तोडून बोलले, सॉरी.

माणदेशी_८४
सगळ्यांचे आभार. ग्रामसेवकांशी बोललो, ते म्हणत होते 'परमवीर चक्रासारखं पदक' असं लिहू, लोकांना कळेल. नको म्हणालो. बुधवारी पाथरवटाला एवढाच मजकूर देतोय: नंबर, सॅपर, नाव (आपल्या स्पेलिंगने), ३ सॅपर्स अँड मायनर्स, खडकी, फ्रान्स १९१४. खाली दोन ओळींची जागा कोरी. तो कोऱ्या जागेचे पैसे घेणार नाही म्हणाला, नंतर येऊन कोरून देईन. गावच्या बाकी गेलेल्यांची नावं म्हाताऱ्यांकडून गोळा करतोय, आतापर्यंत सहा मिळाली. भावाने फोन ठेवताना विचारलं, आजोबांचा गोठा पाडायचा ठरलाय तो राहू द्यायचा का. राहू दे म्हणालो.

नीलपक्षी
धागा हायजॅक करते, माफ करा, पण आमच्याकडची ती घासलेली चांदणी, तिच्यावर नाव गेलंय पण शेवटी ए बी सी एवढं दिसतं. ही कुठली पलटण?

जुनी_पेटी
आर्मी बेअरर कोअर. गोळीबारात स्ट्रेचरवरून जखमी उचलून आणणारे. नवीन धागा काढा ताई, आणि मागच्या बाजूचा फोटो टाका, तिरक्या उजेडात.