सीपॅप घरी आल्यानंतर : अनुभव धागा

निवेदन

झोपेत घशाची वाट पुन्हा पुन्हा बंद होण्याचा विकार, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया, असल्याचे निदान झाले की डॉक्टर बहुधा सीपॅप, म्हणजे नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, सुचवतात. यंत्र घरी येते, पुरवठादाराचा माणूस पट्टे कसे लावायचे ते घाईघाईने दाखवून जातो आणि रात्री त्या यंत्राशी आपली आपणच गाठ पडते. पुढच्या काही आठवड्यांत काय घडते, काय खुपते आणि ते कशाने सुटते, हे मराठीत एका जागी यावे म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. श्वास किमान १० सेकंद थांबला तर ती एक घटना धरतात. श्वास थांबण्याच्या आणि उथळ होण्याच्या अशा घटना तासाला ५ ते १५ असतील तर विकार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० च्या वर गेल्या तर तीव्र मानला जातो. सीपॅप प्राणवायू देत नाही. खोलीतलीच हवा ते ठरावीक दाबाने नाकातून आत सोडते आणि त्या दाबाचा टेकू मिळाल्याने घसा मिटत नाही. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपचार १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला. त्या काळच्या रुग्णांचा मास्क रोज रात्री नाकाभोवती सिलिकोनने अक्षरशः चिकटवावा लागे, हे आजच्या मास्कला नावे ठेवताना आठवले तर बरे.

माझे स्वतःचे मत असे आहे की जे लोक सुरुवातीलाच कंटाळून यंत्र कपाटात ठेवून देतात, त्यांच्यापैकी पुष्कळांचे यंत्राशी वाकडे नसते. मास्क चुकीचा असतो, किंवा हवा कोरडी असते, आणि हे दुरुस्त होऊ शकते असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपले अनुभव याच्या विरुद्ध असतील तर तेही अवश्य लिहावेत. एकच विनंती आहे : आपल्या यंत्राच्या प्रेशरचे आकडे येथे देऊ नयेत, कारण ते पाहून दुसरा कोणी आपल्या यंत्राचे प्रेशर स्वतःच बदलण्याची शक्यता असते.

निवृत्त शिक्षक, पुणे

माझा विकार तीव्र गटातला निघाला. स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेच्या तपासणीच्या, रात्री डोक्याला, छातीला आणि पायांना वायरी लावलेल्या असतानाही मी झोपलो, परंतु घरी मास्क चढवताच जीव घुसमटू लागला. नाकातून येणारी हवा आपल्याला हवी तेव्हा न येता सतत येत राहते आणि उच्छ्वास तिच्या विरुद्ध सोडावा लागतो, याची शरीराला ओळखच नसते. त्यातच रात्री वीज गेली तर आपण गुदमरू ही भीती मनात बसली होती. ती डॉक्टरांनी दूर केली. फक्त नाकावरचा मास्क असेल तर तोंड उघडून श्वास घेता येतो आणि नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये हवा थांबताच उघडणारी एक लहान झडप असते. त्यांनी ती झडप मला बोट लावून दाखवली. माझ्यासारख्या माणसाला समजावणीपेक्षा ती झडप पाहण्याचा उपयोग अधिक झाला.

त्यानंतर त्यांनी सांगितले की काही दिवस झोपेचा विचारच करू नका, दिवसा मास्क लावून बसायला शिका. मी सकाळी वर्तमानपत्र वाचताना आधी नुसता मास्क, मग नळीसकट मास्क आणि शेवटी यंत्र चालू करून, अशा क्रमाने बसू लागलो. शब्दकोडे सोडवताना मास्क विसरला जातो, असे माझ्या लक्षात आले. रात्रीसाठी ‘रॅम्प’ची सोय लावून घेतली, म्हणजे यंत्र अगदी कमी दाबाने सुरू होते आणि आपण झोपेपर्यंत हळूहळू वर चढते. आता मास्क नसेल तर मला झोप लागत नाही, असे मी म्हणणार नाही. तो मला आजही आवडत नाही. परंतु दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकणे बंद झाले आणि रात्री लघवीसाठी सतत उठणेही जवळजवळ थांबले. या दोहोंचा श्वासाशी संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

गृहिणी, कोल्हापूर

यंत्र माझ्या यजमानांचे आहे. पण लिहिते मी, कारण ते लिहिणार नाहीत. त्यांचे घोरणे मला अनेक वर्षे सोसावे लागले, परंतु त्रास घोरण्याचा नव्हता. घोरणे मध्येच थांबे, छाती हलताना दिसे पण श्वास ऐकू येत नसे, आणि मग एखादा मोठा आचका देऊन ते पुन्हा घोरू लागत. तेवढा वेळ मी अंथरुणात उठून बसलेली असे. यंत्र आल्यावर घरात पहिल्यांदा इतकी शांतता झाली की त्या शांततेनेच मला जाग येई आणि मी त्यांच्या नाकासमोर हात धरून पाही.

आमच्याकडे खरा प्रश्न मिशीचा झाला. त्यांची मिशी भरघोस आहे आणि मास्कची सिलिकोनची कड केसांवर नीट बसत नसल्याने हवा फुर्र करून निसटे, तीही नेमकी त्यांच्या डोळ्यांत किंवा माझ्या तोंडावर. हवा निसटू नये म्हणून ते पट्टे आवळत गेले आणि नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठून पुढे तिथली कातडी सोलवटली. मिशी उतरवण्याचा विषय काढण्याची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. शेवटी नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या दोन मऊ उशांचा मास्क, ज्याला नेझल पिलोज म्हणतात, तो आणला आणि मिशी शाबूत राहिली. ज्यांना हा प्रश्न आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पट्टे आवळून हवा थांबत नाही, उलट कड दुमडते आणि जास्त निसटते. मास्क उठून बसून न लावता आडवे होऊन, यंत्र चालू असताना आणि ज्या कुशीवर झोपायचे त्या कुशीवर लावावा, म्हणजे तो बरोबर बसतो.

आंबा बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

येथे बहुतेकांनी मास्कविषयी लिहिले आहे. आमच्याकडे पहिला प्रश्न विजेचा असतो. पावसाळ्यात वादळवारे झाले की रात्री वीज जाते आणि कधी कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत येत नाही. घरचा इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांसाठी घेतलेला होता; त्यावर यंत्र लावले तर पहाटेआधीच बॅटरी बसे. मग कळले की यंत्रातला पंखा फारशी वीज खात नाही, वीज खातात ते हवा ओलसर करण्यासाठी पाणी तापवणारा ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी. या दोन्ही गोष्टी बंद ठेवल्या की तीच बॅटरी सकाळपर्यंत पुरते. कोकणातल्या पावसाळ्यात हवेत एवढा ओलावा असतो की त्या दिवसांत मला तरी ह्युमिडिफायरची गरज भासत नाही. जानेवारीच्या थंडीत मात्र नाक कोरडे पडते, तेव्हा तो लावतो.

ओलाव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्याकडे चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तशी ती यंत्राच्या पाण्याच्या डब्यातही येऊ पाहते. त्यामुळे सकाळी उरलेले पाणी ओतून डबा उघडा ठेवणे आणि मास्कची कड साबणाच्या कोमट पाण्याने धुणे हे मी चहाआधी उरकतो. नळी आठवड्यातून एकदा धुऊन पडवीतल्या दांडीवर सावलीत टांगतो. उन्हात टाकू नये, प्लास्टिक कडक होते. सुरुवातीला डब्यात विहिरीचे पाणी घालत होतो, तर तळाला पांढरे पुट बसले. तेव्हापासून औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणतो. माझ्या यंत्राच्या मागचा हवेचा फिल्टर काळपट दिसू लागला की धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

नोकरदार स्त्री, ठाणे

मी अंगाने बारीक आहे आणि घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे फारशी घोरतही नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास सकाळची डोकेदुखी, दिवसभराचा थकवा आणि मध्यरात्री उगाचच येणारी जाग सुरू झाली, तेव्हा थायरॉइड तपासले, हिमोग्लोबिन तपासले, मग ‘ताण घेऊ नका’ असे सांगून झोपेची गोळी देण्यात आली. हा विकार जाड पुरुषांचा आहे अशी समजूत डॉक्टरांतही आढळते, याचा मला आजही राग येतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत याचे प्रमाण वाढते आणि त्यांची लक्षणे बरेचदा घोरण्यापेक्षा थकवा आणि निद्रानाश यांच्या रूपात दिसतात. लहान जबडा आणि मागे असलेली हनुवटी यांमुळेही घशाची वाट अरुंद असते, तिथे वजनाचा काही संबंध नसतो.

यंत्र सुरू झाल्यावर मला मास्कने काही त्रास दिला नाही. त्रास पोटाने दिला. सकाळी उठावे तर पोट ढोलासारखे फुगलेले आणि ढेकरांवर ढेकर. झोपेत हवा गिळली जाते म्हणून असे होते. डॉक्टरांनी यंत्रातल्या मेमरी कार्डवरची नोंद पाहून दाबाची वरची मर्यादा खाली आणली, उच्छ्वासाच्या वेळी दाब थोडा उतरेल अशी सोय चालू केली, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायला आणि रात्रीचे जेवण लवकर घ्यायला सांगितले. यातल्या नेमक्या कोणत्या उपायाने गुण आला हे मला सांगता येणार नाही, पण पोट फुगणे कमी झाले. आपले कार्ड डॉक्टरांकडे घेऊन जा, एवढाच माझा आग्रह आहे. रात्रीत किती वेळा श्वास अडला, हवा किती निसटली आणि यंत्र किती तास चालले, हे सगळे त्यावर असते आणि ‘बरे वाटत नाही’ या वाक्यापेक्षा ते फार उपयोगी पडते.

कारखान्यातील कामगार, चाकण

माझी पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी करून सकाळी झोपतानाही यंत्र लावावे लागते आणि त्या वेळी घरात मुले असतात, कुकरच्या शिट्ट्या होतात. दुपारच्या डुलकीलाही यंत्र हवे, हे मला कोणी सांगितले नव्हते. झोप दिवसाची असो वा रात्रीची, घसा मिटायचा तेव्हा मिटतोच. दुचाकीवरून परतताना डोळे मिटत असत, ते आता होत नाही. एवढ्यासाठी बाकीचे चालवून घेतो.

न्यू जर्सी येथील एक वाचक

येथे पहिले तीन महिने परीक्षाच असते. विमा कंपनी यंत्राचे पैसे भरते, पण यंत्रातला मोडेम रोजची नोंद परस्पर पाठवत असतो आणि त्या काळात सलग ३० दिवसांपैकी किमान ७० टक्के रात्री प्रत्येकी ४ तास यंत्र वापरल्याचे दिसले तरच पुढचे पैसे मिळतात. ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेचा हा नियम आहे आणि माझ्या खासगी विम्यानेही तोच लावला. रागच आला होता, परंतु या धाकाने मी मध्यरात्रीही मास्क काढून फेकला नाही, हे मान्य करावे लागेल. हिवाळ्यात खोली गार आणि नळीतली हवा कोमट असल्याने नळीत पाणी साचते व मध्यरात्री ते नाकात येते. यंत्र पलंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवले की पाणी मागे डब्याकडे वळते. त्याने भागले नाही तेव्हा तापणारी नळी घेतली.

निवेदनकर्ता

खर्चाविषयी दोघांनी व्यक्तिशः विचारले आहे. आपल्याकडे आरोग्य विम्यात ज्या वस्तूंचे पैसे सहसा मिळत नाहीत त्यांच्या यादीत सीपॅप येते, म्हणून पॉलिसी खरेदीपूर्वीच वाचावी. केंद्र सरकारच्या सीजीएचएस या कर्मचारी आणि निवृत्तांसाठीच्या आरोग्य योजनेतील लाभार्थींना मात्र तज्ज्ञाच्या शिफारशीने आणि पूर्वपरवानगीने प्रतिपूर्ती मिळते. शक्य असेल तर आधी महिनाभर यंत्र भाड्याने घ्यावे, आणि मास्क बदलून देण्याची बोली पैसे देण्यापूर्वीच लेखी घ्यावी.

व्यावसायिक, नागपूर

विरुद्ध अनुभव लिहा असे म्हटले आहे, म्हणून लिहितो. मी तीन प्रकारचे मास्क वापरले, नाकाचा पडदा वाकडा आहे का ते तपासून घेतले, नाकात मारण्याचा फवारा वापरला आणि तरीही मला सलग झोप लागली नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर लागतो आणि त्याच्या घरघरीत यंत्राचा आवाज ऐकूही येत नाही, त्यामुळे आवाजाला दोष देता येणार नाही. मास्क लागला की मी जागा राहतो, एवढेच खरे. माझा विकार मध्यम असल्याने डॉक्टरांनी दंतवैद्याकडे पाठवले आणि खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे एक साधन दातांच्या मापाने करून घेतले. सकाळी जबडा अवघडतो, लाळ गळते, पण मी झोपतो. ते साधन लावून पुन्हा स्लीप स्टडी केली तेव्हाच ते पुरेसे आहे असे डॉक्टरांनी मानले. नुसते घोरणे थांबले म्हणजे काम झाले असे समजू नये, असे त्यांनी बजावले होते. तीव्र विकार असलेल्यांनी माझे उदाहरण देऊन यंत्र टाळू नये.

मुलगी, सातारा

माझे वडील ऐंशीच्या घरात आहेत. दवाखान्यात मास्क उत्तम बसला आणि घरी रोज रात्री हवा सुटत राहिली. पट्टे बदलले, कड बदलली, पुरवठादाराचा माणूस दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा दिवसा त्याच्यासमोर सगळे व्यवस्थित चालले. एकदा मी रात्री त्यांच्याजवळ बसून राहिले, तेव्हा उलगडा झाला : आबा झोपताना कवळी काढून वाटीत ठेवतात. कवळी काढली की गाल आत जातात आणि वरचा ओठ खचतो, त्यामुळे दवाखान्यात घेतलेले मापच रात्री खोटे ठरे. मग कवळी काढून नव्याने माप घेतले आणि नाक-तोंड झाकणारा एक मास्क त्यांना बसला. बोटांत जोर नसल्याने त्यांना मागचे पट्टे सोडवता येत नाहीत, म्हणून चुंबकाने उघडणाऱ्या पकडींचा मास्क आम्हाला सुचवला होता. पण त्यांच्या छातीत पेसमेकर आहे आणि अशा लोकांनी तो मास्क वापरू नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच छापलेले होते. सध्या नळी जिथे मास्कला जोडली जाते तिथली पकड त्यांना एका हाताने सोडवता येते, तेवढ्यावर रात्रीचे उठणे-बसणे भागते. यापेक्षा सोपी रचना कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया लिहावे.